खिडकीतली रब्बी

जुळे सोलापुरातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दक्षिणेकडे मोठी खिडकी असलेली एक खोली आहे. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून ती बहुतेक रिकामीच असते. त्या खिडकीशी, शहाबादी फरशीवर, जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळलेले दोन टप ठेवलेले आहेत आणि दोन्हींवर मिळून पालकाची बारा रोपे उभी आहेत. त्यांना माती नाही, पंप नाही, आणि मी हे लिहिते आहे त्या डिसेंबरच्या दुपारी वर दिवाही लावलेला नाही. घरी येणारे पाहुणे क्षणभर पाहतात आणि ‘एवढंच?’ असे विचारतात. एवढ्यावर येऊन पोहोचायला मला चार वर्षे लागली, आणि त्या चार वर्षांत पाणी, वीज आणि ऊन यांविषयी जे उमगले ते नीट लिहून काढावे असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते.

सुरुवात पश्चिमेच्या गॅलरीतल्या कुंड्यांपासून झाली. तिथे मी मेथी, पालक, कोथिंबीर लावत असे. दिवाळीपासून होळीपर्यंत कुंड्या हिरव्यागार असत. एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडी, गॅलरीची भिंत संध्याकाळी सात वाजताही हात लावू देत नसे आणि कुंडीतली माती आक्रसून कडेने फट पडे. त्या फटीतून ओतलेले पाणी सरळ खालच्या ताटलीत उतरे. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन बादल्या, म्हणजे तीसेक लिटर पाणी रोज लागे. सोलापुरात दोन बादल्या ही लहान गोष्ट नाही. आमच्या भागात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येते, आणि ते येते सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. ज्या दिवशी पाणी असते त्या दिवशी घरातले कोणीतरी बाहेरची कामे बाजूला ठेवते. टाकी, पिंप, हंडे, कळश्या भरून झाल्या की शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊसच मुळात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही एका वर्षासारखा दुसऱ्या वर्षी नाही. अशा गावात पिण्याच्या पाण्यातल्या दोन बादल्या कुंड्यांना घालताना दर वेळी हात आखडायचा. कुंड्या बंद कराव्यात तर मे महिन्यात मंडईतली पालेभाजी सकाळी दहाच्या आतच मान टाकते, आणि सासूबाईंना भाकरीसोबत पालेभाजी नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही.

अशा दिवसांत मातीविना शेतीची, म्हणजे हायड्रोपोनिक्सची माहिती वाचनात आली. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर रोप वाढते हे मला नवे नव्हते, पण ते घरातल्या खोलीत आणि कुंडीपेक्षा कितीतरी कमी पाण्यात करता येईल ही कल्पना मनात घर करून बसली. एका विक्रेत्याकडून मी तयार संच घेतला. पांढऱ्या पाइपांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीला भोके, भोकांत जाळीचे पेले, खाली पंचवीस लिटरची टाकी, टाकीत बुडवलेला अठरा वॉटचा पंप आणि वर जांभळ्या उजेडाच्या साठ वॉटच्या एलईडी पट्ट्या. पंप टाकीतले पाणी वर नेतो, ते पाइपाच्या तळावरून पापुद्र्यासारखे पातळ वाहत पुन्हा टाकीत येते, आणि मुळे त्या पापुद्र्यात अर्धी भिजलेली, अर्धी हवेत राहतात. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी बसवलेली ही पद्धत आहे आणि ती मोठ्या हरितगृहांत उत्तम चालते.

आमच्याकडेही ती फेब्रुवारी आणि मार्चमध्ये उत्तम चालली. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी बोटाला कोमट लागू लागले. थर्मामीटर घातला तेव्हा तेहतीस अंश निघाले. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम असतो, तीस अंशांना साडेसातपर्यंत उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी तापलेल्या मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा पाण्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव फोफावतो. पांढरीशुभ्र मुळे आधी पिवळट, मग तपकिरी झाली, बोटांत धरली तर वरचे साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राही, आणि पेल्यांतून साचलेल्या गटाराचा वास येऊ लागला. हे अजून निस्तरते आहे तोच मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सगळे दोन दिवस मंगळवेढ्याला गेलो. पहिल्याच दुपारी वीज गेली आणि काही तास आली नाही. परत येऊन झाकण काढले तेव्हा मुळे पाइपाच्या तळाला कोळिष्टकासारखी चिकटून वाळली होती. मातीत लावलेले रोप दोन दिवस पाण्यावाचून तग धरते, कारण माती थोडे पाणी राखून ठेवते. या पाइपांत राखून ठेवणारे काहीच नव्हते. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने इन्व्हर्टर आणि पाणी थंड करणारे यंत्र बसवण्याचा सल्ला दिला.

त्या रात्री मी वही घेऊन हिशेबाला बसले. अठरा वॉट ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण पंप चोवीस तास चालतो, म्हणून महिन्याला त्याची तेरा युनिटे होतात. शिवाय पाण्यात बुडवलेल्या पंपाची सगळी वीज शेवटी त्या पाण्यातच उष्णता होऊन उतरते. पंचवीस लिटर पाण्यात अठरा वॉट म्हणजे, बाहेर काहीच उष्णता गेली नाही तर, तासाला अर्ध्या अंशाहून अधिक वाढ. म्हणजे जे पाणी थंड राहावे म्हणून मी धडपडत होते ते मी स्वतःच तापवत होते, आणि ते थंड करायला आणखी वीज लावा असा सल्ला मला मिळाला होता. दिवे साठ वॉट, रोज सोळा तास, महिन्याला एकोणतीस युनिटे. एकूण बेचाळीस.

पैशांचा आकडा मोठा नव्हता. मला टोचली ती दुसरी गोष्ट. सोलापूरपासून जवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच असलेले, आणि त्यालाही पाणी उजनीचेच लागते. कोळसा जाळून वाफ करायची आणि ती वाफ पुन्हा थंड करायची यात पाणी खर्च होते. शीतलन मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली घातलेली मर्यादा आहे मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटामागे साडेतीन लिटर. माझ्या घरात येणारी वीज नेमक्या कोणत्या केंद्राची ते सांगता येत नाही, तिच्यात वाऱ्याची आणि सूर्याचीही वीज मिसळलेली असते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही याची मला जाणीव आहे. तरीही बेचाळीस युनिटांना साडेतीनने गुणले तर जवळजवळ दीडशे लिटर होतात, आणि महिनाभरात टाकीत मी ओतलेले पाणी होते साठ लिटर. कुंड्यांच्या मानाने दोन्ही मिळूनही पाणी कमीच होते, हे खरे आहे. पण रोपे जेवढे पाणी पीत होती त्याच्या दुपटीहून अधिक पाणी त्यांचा पंप आणि दिवा कुठेतरी दूर पीत होता, आणि ते मला दिसत नव्हते म्हणूनच मी स्वतःला पाणी वाचवणारी समजत होते. तेव्हापासून वीज वाचवणे आणि पाणी वाचवणे या दोन गोष्टी मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. मातीविना रोप वाढवण्याचे शास्त्र जुने आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत यूलियस साक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी कोणकोणते क्षार पाण्यात घातले की रोप पूर्ण वाढते ते शोधून काढले. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ साली रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पाण्याचे श्रम असा होतो. आपल्या देशातही शोल्टो डग्लस यांनी १९४०च्या दशकात कालिंपाँगला याचे प्रयोग केले होते. या वाचनात मला सर्वांत मोलाचे वाटले ते गेरिक यांच्याच विद्यापीठातील होगलँड आणि आर्नन यांचे म्हणणे. द्रावणाचे त्यांचे सूत्र आजही जगभर वापरले जाते, पण १९३८ साली त्यांनी शांतपणे लिहून ठेवले की चांगल्या मातीपेक्षा पाण्यातले पीक मुळातच अधिक येते असे नाही. खाद्य पुरेसे मिळाले की पुढची मर्यादा इतर गोष्टींची असते, आणि त्यांत प्रकाश महत्त्वाचा. जाहिरातींच्या गर्दीत हे वाक्य फार पूर्वीच माझ्या वाट्याला आले असते तर बरे झाले असते.

आणखी एक नाव सापडले ते हवाई विद्यापीठातील बी. ए. क्रॅटकी यांचे. त्यांच्या पद्धतीत पंपच नाही. टप द्रावणाने एकदाच भरायचा, झाकणाच्या भोकात पेला बसवायचा, पेल्याचे बूड पाण्याला जेमतेम टेकेल एवढे पाणी ठेवायचे, आणि मग काहीही करायचे नाही. रोप पाणी पिते, पातळी खाली जाते, मुळे तिच्या मागे खाली उतरतात आणि वर उघड्या पडलेल्या मुळांवर बारीक लव येऊन ती हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. पीक काढायला येईस्तोवर पाणी तळाला गेलेले असते. मी वीस लिटरचे दोन टप आणले, पाइपांचा संच माळ्यावर टाकला आणि त्या ऑक्टोबरात पालकाची रोपे त्यांत लावली.

तीन आठवडे रोपे जोमाने वाढली. पाणी निम्म्यावर आले होते, आणि आम्हाला पुन्हा गावाला जायचे होते. मागच्या मे महिन्याची आठवण ताजी असल्यामुळे मी दोन्ही टप काठोकाठ भरले. परत आले तर पाने खाली लोंबत होती, मातीतले रोप तहानेने लोंबते तशी, आणि टपात पाणी तर तुडुंब. मला काही सुचेना. सासूबाई काठी टेकत आल्या, त्यांनी झाकण उचलून मुळे पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, हे चिबडलंय. मुळाला वारं नको व्हय?”

“आत्या, पण हे पाण्यातच वाढतंय की,” मी म्हणाले.

“पाण्यात वाढतंय ते खालचं. वरचं मूळ वाऱ्याला सोकावलं हुतं, त्याला बुडवलंस तू.”

माझ्या सासूबाईंचे सगळे आयुष्य मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेले. ज्वारीचे कोठार म्हणून ते रान प्रसिद्ध आहे, २०१६ साली तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या ज्वारीला पाणी कोणी देत नाही. पावसाळाभर ते खोल काळे रान मोकळे ठेवायचे, त्यात ओल मुरू द्यायची, उत्तरा-हस्ताच्या सुमारास मालदांडी पेरायची, आणि मग फाल्गुनापर्यंत पीक त्याच मुरलेल्या ओलीवर येते. वरचा थर वाळत जातो, जमिनीला भेगा पडतात, ओल खाली सरकते आणि ज्वारीचे मूळ तिच्या मागे खाली जाते. सोलापुरात १९३३ सालापासून कोरडवाहू शेतीवर जे संशोधन चालत आले आहे त्याचा मोठा भाग ही ओल कशी धरून ठेवावी याच प्रश्नाभोवती आहे. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी निम्मे पाणी काढून टाकायला लावले आणि स्टुलावर बसून सगळी रीत माझ्याकडून पुन्हा ऐकली. एकदाच भरायचे, मग मूळ खाली जाते, पाणी संपते तेव्हा पीक येते. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मग ही रब्बीच झाली की. टपातली.”

वाफसा हा शब्द मी लग्न होऊन या घरात आल्यावर शिकले. जमीन ओली असावी पण चिखल नसावा, ढेकूळ मुठीत दाबले तर बसावे आणि टाकले तर फुटावे, मुळाला पाणीही मिळावे आणि वाराही, अशा अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. क्रॅटकी यांच्या टपात पाण्याची पातळी आणि झाकण यांच्यामधली ती ओलसर, अंधारी पोकळी म्हणजे वाफसाच आहे. बारापैकी सात रोपे त्या वर्षी वाचली. तेव्हापासून टपात पाणी घालायचे की नाही हे सासूबाई ठरवतात.

पंप गेला, पण उजेडाचा प्रश्न तसाच होता, आणि घरातल्या भाजीचा खरा खर्च उजेडाचाच असतो. जांभळ्या पट्ट्या मी काढून टाकल्या. पाने लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषतात म्हणून त्या तशा बनवलेल्या असतात, पण त्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते आणि पिवळे पडू लागलेले पान मुळीच ओळखू येत नाही. त्याऐवजी चाळीस वॉटची चांगल्या प्रतीची पांढरी एलईडी घेतली. पांढऱ्या एलईडीतही आत निळाच दिवा असतो, त्यावरच्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. दिवा किती वॉटचा यापेक्षा एका ज्यूल विजेत तो पानाला उपयोगी असे किती प्रकाशकण देतो हे पाहावे लागते. हे कण मायक्रोमोल या एककात मोजतात. चांगली एलईडी अडीच मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक देते. जुन्या ट्यूबलाइटी एकाच्या आसपास असत.

तरी सर्वांत स्वस्त उजेड खिडकीतून येत होता आणि त्याची मोजदाद मी कधीच केली नव्हती. वर्षभर मी दर पंधरवड्याला फोनमधल्या मापकाने टपाजवळचा उजेड मोजून वहीत लिहिला. हा मापक उजेड लक्समध्ये दाखवतो. सूर्यप्रकाशाच्या लक्सला चोपन्नने भागले की दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणारे साधारण मायक्रोमोल मिळतात, त्यावरून दिवसभराची बेरीज काढता येते. डिसेंबरमध्ये दुपारचे चारेक तास थेट ऊन टपावर पडते, तेव्हा आकडा पंचवीस हजार लक्सपर्यंत जातो, आणि दिवसाची बेरीज आठ मोल होते. मे महिन्यात त्याच जागी दिवसभर तीन हजार लक्सच्या वर काटा सरकत नाही. बेरीज जेमतेम दोन मोल. बाहेर डोळे उघडवत नाहीत इतके ऊन असते आणि आत पालकाला ते पोहोचत नाही. कारण सोपे आहे, तरी वहीत आकडे येईपर्यंत मला ते सुचले नव्हते. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. डिसेंबरमध्ये भरदुपारीही सूर्य दक्षिणेला एकोणपन्नास अंशांवर असतो आणि खिडकीतून खोलीत खोलवर येतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस, आणि त्यानंतर ऑगस्ट लागेपर्यंत भरदुपारी तो उत्तरेकडेच असतो. दक्षिणेची खिडकी तेव्हा नुसती उजळ सावली देते.

ही वही मी सासूबाईंना दाखवली, आकड्यांऐवजी फरशीवर खडूने ओढलेल्या रेघा दाखवून. ऊन कुठपर्यंत आत येते त्याची एक रेघ दर महिन्याला. दसऱ्यापासून रेघा आत येत जातात, पौषात सर्वांत आत असतात आणि होळीनंतर खिडकीकडे पळू लागतात. ज्या महिन्यांत त्यांच्या रानात ज्वारी असते त्याच महिन्यांत माझ्या खिडकीत ऊन असते. घरात वाढवायचे म्हणजे ऋतूची पर्वा करायची नाही, बारा महिने हवे ते पिकवायचे, अशी माझी समजूत विक्रेत्याच्या पहिल्या पत्रकापासून झालेली होती, आणि माझी सगळी वीज त्या समजुतीपायी खर्च होत होती. आता दसऱ्याला पेरणी करते. फेब्रुवारीअखेरपर्यंत दिवा लावत नाही. मार्च-एप्रिलमध्ये एकच टप ठेवते आणि पहाटे पाच ते दहा असा दिवा लावते, म्हणजे दिव्याची ऊब खोली गार असताना सोसते आणि दिवसाला फक्त पाव युनिटाहूनही कमी वीज जाते. मे आणि जूनमध्ये टप पडीक ठेवते. उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतात, तसे टपही धुऊन गच्चीवर उन्हात पालथे घालते. त्यातली बुरशी मरते.

चादरींचेही सांगायला हवे. टपात उजेड शिरला की पाण्याला शेवाळ येते आणि ते रोपांचे खाद्य खाते, म्हणून टप काळोखा हवा. आणि बाहेरची ऊब आत शिरायला नको. यासाठी चंदेरी कागद, थर्माकोल असे बरेच काही विकत मिळते. आमच्याकडे लग्नातल्या, वीस-बावीस वर्षे वापरलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरी होत्या. दुहेरी घडी करून टपाभोवती गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या. मार्चच्या दुपारी खोलीत पस्तीस अंश असताना शहाबादी फरशीवरच्या, चादरीतल्या टपात सत्तावीस निघाले. एखाद्या यंत्राची मला त्यानंतर गरज वाटली नाही.

द्रावणाच्या बाबतीत एकच गोष्ट विस्ताराने लिहिते, कारण सोलापुरात करून पाहणाऱ्या प्रत्येकाला ती भेटेल. दुसऱ्या वर्षी पालकाची कोवळी पाने पिवळी पडू लागली. जुनी पाने हिरवीगार, आणि मधली नवी पाने लिंबासारखी, त्यांतल्या शिरा मात्र हिरव्या, जणू कोणी हिरव्या शाईने जाळे काढले आहे. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी पडतात, कारण रोप त्यांच्यातले नत्र काढून नव्यांना देते. लोह मात्र एकदा पानात गेले की हलत नाही, म्हणून त्याची वाण नव्या पानांना आधी जाणवते. द्रावणात लोह होते. पण आमच्या पाण्याचा पीएच निघाला ७.८, आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोह गंजासारखे बसून जाते, मुळांना मिळत नाही. फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब घालून पीएच सहावर आणला आणि अल्कधर्मी पाण्यातही विरघळून राहणारे चिलेटेड लोह वापरले. आठवड्याभरात नवी पाने हिरवी निघू लागली. बोअरचे पाणी मी वापरत नाही. आमच्या इमारतीच्या बोअरला टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, इतका जास्त आहे की खाद्य घालण्याआधीच द्रावण खारट होते. आणि खताच्या दोन बाटल्या वेगळ्या असतात त्या वेगळ्याच ठेवाव्यात, एकीतले कॅल्शियम दुसरीतल्या सल्फेट-फॉस्फेटला भेटले की दूध नासावे तसा पांढरा साका तळाला बसतो.

शेजारच्या काकू तेलुगूभाषिक, माहेर सोलापूरच्याच पूर्वभागातले, वडिलांचे माग होते. त्यांनी पालक पाहून एकदा विचारले, “आमची गोंगुरा येईल का हो यात?” गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. अंबाडीची अडचण अशी की दिवस लहान होऊ लागले की ती पाने सोडून फुलांच्या मागे लागते. पण तिला दिवस मोठा वाटायला भरपूर उजेड लागत नाही. अन्न करण्यासाठी पानाला प्रखर प्रकाश हवा असतो. दिवस किती मोठा आहे हे ओळखायला अगदी मंद उजेडही पुरतो. म्हणून खिडकीच्या दुसऱ्या टोकाला अंबाडीचा छोटा टप ठेवला, संध्याकाळी मध्ये पुठ्ठा उभा करून तीन तास पाच वॉटचा एक बल्ब लावला. महिन्याला अर्धे युनिटसुद्धा झाले नाही. थंडीत वाढ संथ होती, पण जानेवारीतही फूल आले नाही, आणि काकूंनी केलेल्या आंबट पप्पूची, म्हणजे वरणाची, वाटी आमच्याकडे आली. पालकाला उलट मोठा दिवस सोसत नाही, तो तुऱ्यावर येतो. त्या पुठ्ठ्याचे काम तेवढ्यासाठीच.

या टपांतून महिन्याला किलो-सव्वा किलो पाला निघतो. त्याने घराचा भाजीबाजार सुटत नाही. टोमॅटो, वांगी यांना खिडकीतला उजेड पुरत नाही. मी एकदा लावलेला टोमॅटो छतापर्यंत लांबला आणि एकही फळ धरले नाही. ज्वारी, तूर, हरभरा यांचा तर विचारही करू नये. पोट भरणारे धान्य दिव्याखाली पिकवण्याइतकी वीज कोणापाशीच असू नये असे मला वाटते, ते काम काळ्या रानाचेच आहे. पाने मात्र घरात करण्यासारखी आहेत, कारण पानात बहुतेक पाणीच असते, ते थोड्या उजेडावर येते आणि मंडईतून घरी येईपर्यंत त्याचाच जीव सर्वांत आधी जातो. मी पाने संध्याकाळी तोडते. कमी उजेडात वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेट साठते आणि दिवसभराचे ऊन खाल्ल्यावर ते कमी होते, म्हणून ही सवय लावून घेतली आहे.

काल संध्याकाळी आम्ही दोघी खोलीत गेलो. मी बाहेरची पाने कात्रीने कापत होते, देठाशी दोन बोटे सोडून. सासूबाईंनी डाव्या टपाचे झाकण चष्म्याच्या काचेला लागेल इतके जवळ येऊन थोडे उचलले, टपाच्या कडेला खुणेसाठी उभी केलेली फूटपट्टी न पाहता हात आत घातला आणि ओल्या मुळांच्या बाजूने बोटे मोजली. पांढऱ्या मुळांचा जुडगा पाण्यात मोकळा सुटलेला होता, वरच्या मुळांवर दवासारखे बारीक थेंब होते.

“सहा बोटं हाय अजून,” त्या म्हणाल्या. “भोगीपत्तोर पुरतंय. वर टाकू नकोस.”

मी झाकण बसवले, चादर सारखी केली, आणि पुढच्या टपासाठी पालकाचे बी वाटीत भिजत घातले.